सफरचंदाची आढी

मामाजी, कावळ्यानं तुमची लाज घालवली.

दहाव्याला नदीवर सगळे उभे होते. पिंडाशेजारी पानावर तुमच्या आवडीचं मांडलं होतं. भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी, तंबाखूची चिमूट. आणि तुमच्या अनिलनं शेलूबाजारच्या गाड्यावरून आणलेलं सफरचंद, चार फोडी करून. लाल, चकचकीत, एका फोडीवर स्टिकर तसंच राहिलेलं. ज्याला तुम्ही 'दवाखान्यातलं सफरचंद' म्हणून आयुष्यभर नाक मुरडलं, तेच. मी मनात म्हटलं, आता बसा दुपारपर्यंत. माझा सासरा कसा आहे ते मला माहीत आहे, तो याला शिवायचा नाही. तेवढ्यात कावळा आला. त्यानं भाकरीकडे पाहिलंसुद्धा नाही. स्टिकरवाली फोड उचलली आणि बाभळीवर जाऊन बसला.

अनिलच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा खूश झाले," म्हणाला. लोक म्हणाले, आत्मा शांत झाला.

मी शांत झालो नाही. माझ्या जाकिटाच्या खिशात त्या वेळी खरं अंबरी होतं. हात खिशातच होता, बोटं सफरचंदावर होती, आणि मी ते बाहेर काढलं नाही. का काढलं नाही ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे. गेलेल्या माणसाशी असं बोलू नये असं कोणी म्हणेल. त्यानं आधी तुमचा जावई म्हणून आठ वर्षं काढून दाखवावीत.

पहिल्या दिवसापासून सांगतो. वंदनाला बघायला मी इंझोरीला आलो. शिक्षण विचारतील याचीच भीती होती. तुम्ही तेच पहिलं विचारलं.

"सातवी," मी म्हटलं.

"पास का नापास?"

"पास."

"मंग नीट सांगा ना. तोंड काहून पाडता?"

त्या दिवसापासून माझं नाव गेलं. मी तुमच्या घरी 'सातवी' झालो. "या, सातवी." "सातवीले पाणी द्या." पाव्हण्यांसमोरसुद्धा. मला वाटायचं जमीन फाटावी. वंदना म्हणायची, ते लाडानं म्हणतात. लाड असा असतो का, मामाजी? तुमच्या घरी यायचं म्हणजे मी दोन दिवस आधीपासून नीट जेवायचो नाही.

आणि तरीही एक गोष्ट लिहिलीच पाहिजे, नाहीतर मी खोटा ठरेन. पोकलेन चालवायच्या लायसनसाठी शाळेचा दाखला लागत होता. शाळा सोडताना मी मास्तरांना न सांगता पळालो होतो, आणि मोठा झालो तरी त्या फाटकातून आत जायची हिंमत होत नव्हती. मी सहा महिने टाळलं. तुम्ही एका सकाळी जीप धरली, माझ्या गावी रिसोडकडे गेलात, हेडमास्तरच्या खोलीबाहेर बाकावर दिवसभर बसलात, आणि दाखला घेऊन संध्याकाळी परत आलात. माझ्या हातात दिला. "पास हाये लिवलेलं. म्या वाचून पायलं," एवढंच बोललात. पुढे कोणी मला 'नापास' म्हटलं की तुम्ही त्याच्यावर धावून जायचात. "पास हाये तो. दाखला म्या पायला हाये." चिडवायचा हक्क फक्त तुमचा, आणि तोही खरं तेवढंच. त्या दाखल्यावर लायसन झालं, लायसनवर नोकरी, आणि नोकरीनं मला पार काश्मीरला नेलं, डोंगर फोडून रस्ता करायच्या कामावर. वंदना आणि पोरगी शेलूबाजारला खोली घेऊन राहिल्या, पोरीच्या शाळेसाठी. दर रविवारी तुम्ही जीपनं त्यांच्याकडे पिशवी घेऊन जायचात. डाळ, ज्वारी, शेवगा, जे असेल ते. मी तिकडे हजार मैलांवर सुखानं झोपायचो ते त्या पिशवीच्या जिवावर. हे मला माहीत आहे. हे माहीत आहे म्हणूनच जास्त राग येतो.

आता अंबरीचं.

इंझोरीत तुमच्या हातची आंब्याची आढी सगळ्यांना ठाऊक. गावातली माणसं आपले पाडाचे आंबे तुमच्याकडे आणून टाकायची. मागच्या खोलीत तुम्ही गव्हाच्या भुशाचं कुटार अंथरायचात, त्यावर आंब्यांचा थर, पुन्हा कुटार. रोज सकाळी अंधाऱ्या खोलीत नुसते उभे राहून वास घ्यायचात. हात न लावता सांगायचात, "खालचा थर उद्या. डाव्या कोपऱ्यातला एक सडला, काढा." आणि तो सडलेला निघायचाच. अशा नाकाच्या माणसाला शेलूबाजारचा एक म्हातारा फळवाला भेटला. त्याला सगळे बागवानचाचा म्हणत. तुम्ही त्याला उन्हाळ्यात तुमच्या आढीतले आंबे द्यायचात आणि तो तुम्हाला ऐन थंडीत, पौषात, चार-पाच अंबरी द्यायचा. "ये सेब नहीं है पाटील, इत्तर की शीशी है," असं म्हणायचा, हे मी तुमच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की चाचाला न पाहता मला त्याचा आवाज ओळखता आला असता. चाचा गेला. त्याच्या पोरांनी फळं सोडून मोबाईलचं दुकान टाकलं. तुमचं अंबरी बंद झालं. त्यानंतर बाजारातलं कुठलंही सफरचंद घरात आलं की तुम्ही विचारायचात, "कोण बिमार हाये?"

मी काश्मीरला चाललो तेव्हा बायको रडत होती, पोरगी रडत होती. तुम्ही निरोप काय दिलात? "सातवी, सफरचंदाच्या मुलखात चाललात. अंबरी आणा. घरात ठेवलं का रस्त्यावरच्या माणसाले कळलं पाहिजे, ते अंबरी. नाईतं आणू नका."

मला तुमच्यासमोर एकदा ताठ उभं राहायचं होतं, मामाजी. एवढीच माझी इच्छा होती. तुम्ही एक फोड खावी आणि म्हणावं, हेच ते. बस.

पहिल्या दिवाळीला मी अडाण्यासारखं केलं. बसच्या अड्ड्यावर जी सगळ्यात लाल पेटी दिसली ती उचलली आणि रेल्वेत मांडीवर धरून आणली. तुम्ही झाकण उघडलंत आणि वंदनाला म्हणालात, "जवाईबापूची तब्येत बरी नाई का वं?" सगळे हसले. मीही हसलो. जेवणावर मात्र मन लागलं नाही.

पुढचं वर्षभर मी सुटीच्या दिवशी बागा हिंडलो. सगळीकडे तीच लाल जात. अंबरी म्हटलं की लोक डोकं हलवायचे, झाडं तोडली म्हणायचे, वेळ फार लागतो त्याला. शेवटी आमच्या कँपपासून तासभर उतारावर एक म्हातारा बागवाला सापडला. त्याच्याकडे बापाच्या हातची तीन झाडं उरली होती. लांबट फळ, हिरवट पिवळ्यावर लाल रेघा. बाजारात ठेवलं तर कोणी हात लावणार नाही असं. मी तिथंच एक खायला गेलो तर त्यानं मनगट धरलं. "अभी नहीं बेटा. अभी सोया हुआ है. घास में रख दो, बर्फ गिरे तब खाना."

मी एक पेटी आणली. मला पौषापर्यंत सुटी मिळणार नव्हती. दिवाळीलाच आणली.

पाडव्याची सकाळ तुम्हाला आठवत असेल. मला तर रोज आठवते. अंगणात तुम्ही, अनिल, शेजारचे गजाननकाका. तुम्ही एक फळ उचलून नाकाशी धरलंत. बराच वेळ. मग खिशातला चाकू काढून फोड केली, चावली आणि थुंकलात.

"कच्चा भोपळा हाये."

मी घाबरत म्हटलं, "मामाजी, तिथला म्हातारा म्हणे, हे लगेच खाचं नसते. गवतात ठेवाचं. दोनेक महिने. आढीसारखं."

"कायची आढी?"

"सफरचंदाची."

गजाननकाकांना हसू आवरलं नाही. "सफरचंदाले आढी! आता केळीच्या घडाले पाळण्यात निजवाचं राह्यलं," म्हणाले. अनिल हसला. तुम्ही नाही हसलात. तुमच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"तू मले आढी शिकवतं?"

सात वर्षांत पहिल्यांदा तुम्ही मला तू म्हणालात. मी घाबरट माणूस आहे. पोकलेनचा दगड एक बोट घसरला तरी मला घाम फुटतो. पण घाबरट माणूस चिडला की त्याला थांबायचं कुठं ते कळत नाही. मी म्हटलं, "तुमी अंबरी कधी खाल्लंच नाई. चाचानं नाव सांगतलं अन् तुमी गावभर मिरवलं."

तुम्ही चाकू पुसलात. मिटलात. आणि हळूच म्हणालात, "सातवी नापास."

बाकी सगळं मी विसरलो असतो. थुंकणं विसरलो असतो, तू विसरलो असतो. पण तो दाखला तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी वाचला होता. गावात एकच माणूस होता जो मला नापास म्हणू देत नव्हता, आणि त्यानंच म्हटलं. तेही अशा आवाजात, जणू आधीपासून ठाऊक होतं, फक्त दयेनं बोलला नव्हता.

त्यानंतर आपण बोललो नाही. मी फोन केला की तुम्ही 'हॅलो'सुद्धा न म्हणता फोन मामीच्या हातात द्यायचात. मला तुमच्या खोकल्याचा आवाज यायचा. रविवारची पिशवी मात्र चुकली नाही. वंदना सांगायची, बाबा आले होते, तूर ठेवून गेले, तुमचं नाव काढलं नाही. या दिवाळीला मी आलोच नाही. सुटी नाही म्हणून सांगितलं. सुटी होती. पोरीनं फोनवर विचारलं, "बाबा, आकाशकंदील कोण लावेल?" मी म्हटलं, आजोबा लावतील. तुमचं तोंड बघायला लागू नये म्हणून मी माझ्या पोरीची दिवाळी चुकवली. याचा हिशोब मी तुमच्याकडेच मागणार होतो, आणि तुम्ही पौषात गेलात. सकाळी उठलात, चहा मागितलात, आणि चहा येईपर्यंत गेलात. भांडण अर्धं टाकून उठून जायची तुमची सवयच होती.

बातमी आली तेव्हा वर बर्फ होतं. मी कँपमधून चालत खाली आलो. वाटेत त्या म्हाताऱ्याचं घर लागतं. त्याला सांगितलं, माझा सासरा गेला, तोच, अंबरीवाला. तो आत गेला, गवताच्या पेटीतून तीन सफरचंदं काढली, जुन्या कागदात गुंडाळून माझ्या जाकिटाच्या खिशांत कोंबली. पैसे घेतले नाहीत. रस्ता दीड दिवस बंद होता. मग जम्मू, मग रेल्वे, मग अकोल्याहून जीप. गाडीत शेजारचे लोक इकडेतिकडे वास घेत होते. एका बाईनं विचारलं, अत्तर कोणी सांडलं का. मी खिसे दाबून बसलो. मी पोचलो तेव्हा राख सावडून झाली होती.

म्हणून दहाव्याला माझ्या खिशात अंबरी होतं. पिकलेलं, वासाचं, तुमच्या सगळ्या अटी पूर्ण करणारं. आणि मी ते पानावर ठेवलं नाही, कारण मला भीती वाटली. कावळा आला नसता तर? सगळ्या भावकीसमोर, गजाननकाकांसमोर, तुम्ही माझं सफरचंद तिसऱ्यांदा नाकारलं असतं तर? मेलेल्या माणसाला उलटून काय बोलणार? मी हात खिशात ठेवला आणि तुम्ही जाऊन स्टिकरवाली फोड खाल्लीत.

आता पुढचं तुम्हाला माहीत आहे. मलाच माहीत नव्हतं.

तेराव्याच्या स्वयंपाकाला मोठं पातेलं हवं होतं. मामीनं मला मागच्या खोलीत पाठवलं. कोपऱ्यात आंब्याचं खोकं होतं. त्यात कुटार अंथरलेलं, ताजं, हातानं भुसभुशीत केलेलं, मधे फळं ठेवायला जागा केलेली. रिकामं.

"मामी," मी हाक मारली, "पौषात कायची आढी?"

मामी दारात आल्या. खोक्याकडे पाहिलं आणि तिथंच पोत्यावर बसल्या.

"तुमचीच," म्हणाल्या. "यंदा तुमी दिवाळीले याल म्हणून त्यानं कुटार टाकून ठेवलं होतं. तुमी आले नाई. मले म्हणे, राहू दे तसंच."

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्या पाडव्याला मी पेटी तिथंच टाकून निघून गेलो होतो. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, म्हशीपुढे टाका. आणि दुपारी सगळे निजल्यावर स्वतः मागच्या खोलीत जाऊन, कोणाला न सांगता, सफरचंदाला आढी लावलीत. त्या वर्षीच्या पौषात वास ओसरीपर्यंत आला. गजाननकाका विचारत आले, कायचा वास हो. तुम्ही म्हणालात, अगरबत्ती. आणि खरंच रोज दुपारी मागच्या खोलीत अगरबत्ती लावायला लागलात, आयुष्यात देवापुढे कधी लावली नाही ती. आणि दार ओढून एकेक खाल्लंत. सालीसकट.

"मंग मले काहून नाई सांगतलं?" माझा आवाज चढला होता. "एक फोन करता आला नसता?"

"म्या म्हटलं ना त्याले. म्हणे, अशी गोष्ट फोनवर नाई सांगत. दिवाळीले आला का तोंडावर सांगतो."

"काय सांगणार होते?"

मामींनी पदरानं नाक पुसलं. "मले काय सांगते तो. शेवटचं खाल्लं त्या दिवशी एकटाच बोलला. म्हणे, पास हाये लेकाचा."

मामाजी, शाळेचा दाखला आणायला तुम्ही एका दिवसात रिसोडकडे जाऊन आलात. आणि हा दाखला तुमच्या तोंडात वर्षभर पडून होता, तो शेलूबाजारला दर रविवारी माझ्या बायकोच्या दारात येत होता, पिशवी ठेवून परत जात होता. तिला सांगितलं असतं तर तिनं मला सांगितलं असतं. मी दिवाळीला पळत आलो असतो. पोरीचा आकाशकंदील मी लावला असता. मी आलो नाही ही माझी चूक, मान्य. पण तुम्ही थोर, तुमची चूक थोडी जास्त.

मी खिशातून तिन्ही सफरचंदं काढून मामींसमोर धरली. त्यांनी एक उचलून नाकाशी नेलं.

"हेच," म्हणाल्या. आणि मग त्यांचा चेहरा बदलला. इतक्या दिवसांत त्या रडल्या नव्हत्या, आताही रडल्या नाहीत. चिडल्या. "मले एक फोड नाई देली त्या माणसानं. वास घेऊन घेऊन म्या पौष काढला. म्हणे, तुले दात नाईत. दात नव्हते तं किसून द्याचं होतं. बागवान देत जाय तवाबी तेच. पाव्हण्यायले फोडी, पोरायले फोडी, मले सालं."

त्यांनी कापायचीसुद्धा वाट पाहिली नाही. उजव्या बाजूला दोन दाढा आहेत, तिकडून त्या खायला लागल्या. सावकाश, पोत्यावर बसून, तुमच्या रिकाम्या आढीशेजारी. मी पातेलं हातात धरून उभा होतो.

"कसं हाये मामी?"

त्यांनी शेवटचा घास गिळला. बिया तळहातावर घेतल्या, बघितल्या, खिडकीतून बाहेर टाकल्या.

"दुसरं हाये का?" म्हणाल्या.

दुसरंही त्यांनीच खाल्लं. तिसरं मी त्या कुटारात ठेवलं. तेराव्याला वंदना म्हणाली, ते बाबांच्या पानावर ठेवू. मी नाही म्हटलं. तुम्हाला स्टिकरवालं चालतं ते सगळ्या गावानं पाहिलं आहे.

निघायच्या दिवशी सकाळी ते काढलं. मी, वंदना आणि पोरगी मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसून खाल्लं. पोरगी म्हणाली, बाबा, आजोबांच्या खोलीत असाच वास यायचा. अर्धं संपलं नसेल, तोच कुंपणाच्या पलीकडून गजाननकाकांनी मान वर केली.

"काहून हो जवाईबापू, कायचा वास येऊन राह्यला? अगरबत्ती?"

"नाई काका," मी म्हटलं. "अंबरी हाये. मामाजीच्या आढीतलं."